साधी गाठ म्हणून पूर्ण थायरॉइड काढलं, आता मुंग्या आणि बसलेला आवाज. हे कायमचं आहे का?

खडूफळा

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतीच वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

थायरॉइडला दोन्ही बाजूंनी गाठी होत्या, मल्टिनोड्युलर गॉयटर म्हणतात ते. वर्षानुवर्षं होत्या आणि त्रास काही नव्हता, पण गेल्या काही महिन्यांत उजवीकडची इतकी वाढली की उताणं झोपलं की श्वास अडायचा, आणि सीटीमध्ये श्वासनलिका एका बाजूला सरकलेली दिसली. सुईची तपासणी केली, बिनाइन, म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली. सर्जन म्हणाले दोन्हीकडे आहे तर अर्धं ठेवून उपयोग नाही, पूर्ण काढू. टोटल थायरॉइडेक्टॉमी झाली त्याला आता महिना होत आला. काढलेल्या थायरॉइडचा रिपोर्टही साधाच आला, कॅन्सर वगैरे काही नाही, घरचे सगळे खूश.

मी खूश नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या त्या अजून थांबल्या नाहीत, रक्तातलं कॅल्शियम केलं तर ७.६, म्हणजे कमी. डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी आणि एक अ‍ॅसिडिटीची गोळी, एवढंच लिहिलंय, मी सगळं इमानेइतबारे घेतेय, सकाळी उठल्यावर थायरॉक्सिन, मग अर्ध्या तासाने नाश्त्याबरोबर कॅल्शियम, तरी मुंग्या आहेतच आणि पायात रात्री गोळे येतात.

दुसरं म्हणजे आवाज. मी शाळेत शिकवते. घोगरा झालाय, जोरात बोलायला गेलं की फाटतो, दोन वाक्यं बोलून दम लागतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. सर्जनना विचारलं तर म्हणाले भूल देताना घशात घातलेल्या ट्यूबमुळे असेल, होईल बरा.

प्रश्न असे: हे कॅल्शियमचं आयुष्यभर लागणार का? आवाज परत येतो का, की नोकरी बदलायची तयारी करू? आणि गाठ साधीच होती तर सगळं काढायची खरंच गरज होती का? घरी विचारलं की उत्तर ठरलेलं, "कॅन्सर नव्हता ना, मग कशाला एवढं मनाला लावून घेतेस." ऑपरेशन तेच, गळा तोच, गाठ साधी निघाली म्हणून नसा काय वेगळ्या असतात का?

---

कातरवेळ

ताई, आधी मनापासून मिठी. तुमचं शेवटचं वाक्य मी प्रिंट काढून आमच्या घरी लावणारे.

माझं ग्रेव्हज होतं, हायपरथायरॉइड, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करायचं, गोळ्यांनी आटोक्यात येईना म्हणून पूर्ण काढलं, त्याला आता काही वर्षं झाली. मलाही हाच अनुभव, फक्त जरा जोरात. दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं, आणि त्या रात्री हात आखडायला लागले. कॅज्युअल्टीत गेलो तर तिथल्या ड्यूटी डॉक्टरांनी दंडाला बीपीचा पट्टा बांधला, फुगवला आणि फुगवलेलाच ठेवला. थोड्या वेळात माझं मनगट आपोआप वाकलं, अंगठा तळव्यात ओढला गेला, बाकीची बोटं ताठ पण एकमेकांना चिकटलेली, आणि मी ती उघडायला बघतेय तर उघडत नाहीत. हात माझा आणि माझं ऐकत नाही. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, कॅल्शियम पडलंय, ट्रूसोची खूण म्हणतात हिला. मग मॉनिटर लावून शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी हळूहळू दिलं, अंगभर गरम गरम वाटलं आणि बोटं सुटली.

ग्रेव्हजवाल्यांचं कॅल्शियम जास्त पडू शकतं असं नंतर कळलं. थायरॉइड जास्त असताना हाडांमधून कॅल्शियम निघून गेलेलं असतं, ऑपरेशन झालं की हाडं ते रक्तातून परत ओढून घेतात. हंग्री बोन म्हणतात. तुमचं ते नसावं, थायरॉइड नॉर्मल होतं ना ऑपरेशनआधी?

माझी गोळी हळूहळू कमी होत वर्षाच्या आत पूर्ण सुटली. आज कॅल्शियमसाठी काहीही घेत नाही. थायरॉक्सिन मात्र कायम, त्याला इलाज नाही.

एक विचारते, तुम्हाला नुसतं कॅल्शियमच दिलंय का? सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे सक्रिय रूपातलं व्हिटॅमिन डी, नाही? मला पहिल्या दिवसापासून दोन्ही होतं.

---

टाकेवाला

मी ईएनटी सर्जन आहे, या ऑपरेशनांशी रोजचा संबंध. इथे बसून कोणाचा डोस ठरवणार नाही, पण ताईंनी जे लिहिलंय त्यात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की वाचून गप्प बसवत नाही.

आधी कॅल्शियम का पडतं ते. थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटून साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, एकेक जेमतेम ५-६ मिलिमीटर, रंग आजूबाजूच्या चरबीसारखा पिवळसर. यांचं थायरॉइडशी नाव सोडून काही नातं नाही, काम वेगळं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. पण यांना रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या धमन्या बहुतेक थायरॉइडच्याच धमनीतून फुटतात. थायरॉइड काढताना ग्रंथी जागेवर ठेवल्या तरी रक्तपुरवठ्याला धक्का बसतो आणि त्या काही दिवस, आठवडे, कधी महिने काम बंद करतात. क्वचित एखादी ग्रंथी थायरॉइडबरोबर नकळत निघूनही जाते. टोटल केलेल्यांपैकी साधारण चारातल्या एकाला, काही ठिकाणी त्याहून जास्त जणांना तात्पुरतं कॅल्शियम कमी होतं. सर्वात खाली ते दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास जातं, म्हणून लवकर घरी सोडलेल्या पेशंटला त्रास घरीच सुरू होतो. कायमचं राहण्याचं प्रमाण अनुभवी हातांत शंभरात एक ते तीन, सगळ्या हॉस्पिटलांची नोंद एकत्र धरली तर त्याहून जास्त. आणि कायमचं म्हणायला निदान सहा महिने जावे लागतात, बरेच जण वर्षभर थांबतात. एका महिन्यात कोणीही तुम्हाला "आता हे आयुष्यभराचं" असं सांगू शकत नाही, मीही नाही.

आता तुमच्या गोळ्यांचं. बाजारातलं बहुतेक कॅल्शियम हे कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि ते शोषलं जायला पोटात अ‍ॅसिड लागतं, म्हणून जेवणाबरोबर घ्यायचं. तुम्हाला अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे, ती पॅन्टोप्रॅझोलसारखी असेल तर ती अ‍ॅसिडच बंद करते. म्हणजे एका गोळीने दुसरीची वाट अडवलीय. शिवाय या गोळ्या जास्त दिवस चालल्या तर मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही कॅल्शियम ओता, वर येत नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी खरंच लागते का हे डॉक्टरांना विचारा, लागत असेल तर कॅल्शियम सायट्रेट हा पर्याय असतो, त्याला अ‍ॅसिडची तेवढी गरज नसते.

तिसरं, थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांच्यात चार तास हवेत. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलं तर थायरॉक्सिन अर्धवट शोषलं जाणार, मग टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) चढणार, मग कोणीतरी डोस वाढवणार, आणि सगळं गणित चुकणार. हे डिस्चार्ज कार्डावर छापलेलं असायला हवं. नसतं. मी स्वतः पेशंटला घड्याळ काढून दाखवतो.

करून घ्यायच्या तपासण्या: कॅल्शियम अल्ब्युमिनसकट (हे रक्तातलं प्रथिन कमी असेल तर आकडा उगाच कमी दिसतो, नाहीतर सरळ आयोनाइज्ड कॅल्शियम), मॅग्नेशियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी आणि मुख्य म्हणजे पीटीएच, पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन. पीटीएच कमी असलं तरी मोजता येतंय म्हणजे ग्रंथी जिवंत आहेत. या सगळ्यासाठी एंडोक्रिनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा, ७.६ आणि मुंग्या हे पुढच्या फॉलोअपपर्यंत थांबवायचं प्रकरण नाही, याच आठवड्यात.

आणि हे सगळ्यांसाठी: हातपाय आखडले, चेहरा ओढला गेला, घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, छातीत धडधड वाढली, फिट आली, तर धागा वाचत बसू नका, थेट कॅज्युअल्टी. तसंच ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसात गळा भराभर सुजायला लागला, घट्ट वाटलं, आडवं झोपवेना, तर आत रक्तस्राव असू शकतो. हे शंभरात एखाद-दोघांनाच होतं पण श्वास मिनिटांत बंद होऊ शकतो, तेव्हा ऑपरेशन थिएटरची वाट न बघता जागेवरच टाके उघडावे लागतात. हा धोका बहुतेक २४ तासांत संपतो, ताई, तुम्ही त्याच्या बाहेर आहात.

आवाजाचं संध्याकाळी लिहितो, ओपीडी आहे.

---

निसर्गमित्र

म्हणूनच मी नेहमी सांगतो, थायरॉइडला हात लावायचाच नाही. शरीराने गाठ केली म्हणजे काहीतरी कारण असतं. साध्या गाठीला चाकू लावायचा, मग जन्मभर गोळ्या, मग त्या गोळ्यांसाठी गोळ्या. आमच्या ओळखीत एकांनी आहार आणि प्राणायामावर गाठ तशीच ठेवली, आज ठणठणीत आहेत.

---

उगाचच

श्वासनलिका सरकली होती हे वाचलंत का हो निसर्गमित्र, का शीर्षक वाचून प्रतिसाद?

---

कातरवेळ

उगाचच +१

निसर्गमित्र, तुमच्या ओळखीचे ठणठणीत आहेत याचा आनंदच आहे, बहुतेक साध्या गाठी नुसत्या बघत बसायच्याच असतात, माझ्या मावशीची गाठ कित्येक वर्षं सोनोग्राफीवर तशीच आहे आणि कोणी चाकूचं नाव काढलं नाही. पण श्वासनलिका दाबली गेलीय तिथे प्राणायाम करायचा तर श्वास आत जायला हवा ना आधी.

---

मंद्रसप्तक

आवाजावर मी लिहिते, टाकेवाला सरांनी चुकलं तर सुधारावं. मी गाते, शिकवतेही. माझं अर्धंच थायरॉइड काढलं होतं, डावीकडचं, साध्या गाठीसाठी.

ऑपरेशननंतर बोलण्याचा आवाज दोन-तीन आठवड्यांत जागेवर आला, ऐकणाऱ्याला काही फरक कळेना. पण वरचे स्वर गेले. तार सप्तकात गेलं की आवाज नुसता पुढे सरकायचाच नाही, आणि तासभर शिकवलं की गळा थकून जायचा. ईएनटीकडे दुर्बिणीतून पाहिलं तर स्वरतंतू व्यवस्थित हलताहेत म्हणाले. मला तर वाटलं आता हे माझ्या डोक्यातच आहे म्हणतील. नशिबाने दुसऱ्या एका डॉक्टरांनी नीट सांगितलं की स्वरयंत्राला दोन वेगळ्या नसा जातात. एक जी स्वरतंतू उघडझाप करते, आणि दुसरी वरून येणारी बारीक फांदी, जी स्वरतंतू ताणते, म्हणजे वरचा स्वर तिच्या हातात. ही दुसरी थायरॉइडच्या वरच्या टोकाच्या धमनीला लगटून जाते, तिला धक्का बसला तर साध्या तपासणीत पटकन सापडत नाही. गायक, शिक्षक, वकील यांनाच ते जाणवतं.

या नसेला पूर्वी काही सर्जन गाली-कुर्चीची नस म्हणायचे. अमेलिता गाली-कुर्ची नावाची ऑपेरा गायिका होती, तिचं गलगंडाचं ऑपरेशन १९३५ मध्ये शिकागोत झालं आणि त्यानंतर तिची कारकीर्द संपली, ती नस कापली गेली म्हणून, असं सर्जरीच्या वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नंतर काहींनी जुने कागद काढून म्हटलं की तिचा आवाज आधीपासूनच उतरत होता आणि नसेचा पुरावा काही नाही. खरं काहीही असो, त्या कथेमुळे सर्जन लोक त्या बारीक फांदीला जपायला लागले, मला तेवढं पुरे आहे.

मी व्हॉइस थेरपी केली. गायक असून बोलायचं कसं हे परत शिकावं लागलं, श्वास, मान सैल ठेवणं, खाकरण्याची सवय सोडणं. कुजबुजून बोलू नका ताई, त्याने गळ्याला आराम मिळतो असं वाटतं पण ताण येऊ शकतो. आणि वर्गात माइक घ्या, लाजू नका, कमरेला लावायचे छोटे स्पीकर मिळतात. माझा वरचा पल्ला बराचसा परत आला, पूर्वीइतका नाही. एक पट्टी खाली गाते आता, श्रोत्यांना माहीतही नाही.

---

टाकेवाला

मंद्रसप्तक, सुधारण्यासारखं काहीच नाही.

ताई, तुमचं मात्र मला त्या दुसऱ्या नसेचं वाटत नाही. घोगरा आवाज, बोलताना दम संपणं आणि पाण्याचा ठसका, हे तिन्ही एकत्र म्हणजे एका बाजूचा स्वरतंतू नीट हलत नसावा. बोलताना दोन्ही तंतू मध्ये येऊन भेटायला हवेत, एक मागे राहिला की फटीतून हवा निसटते म्हणून दम लागतो, आणि गिळताना त्याच फटीतून पाणी चुकीच्या वाटेला जातं. ट्यूबमुळे बसलेला आवाज साधारण काही दिवसांत सुटतो. महिना झाला आणि ठसका आहे तर फायबरऑप्टिक लॅरिंगोस्कोपी करून घ्या, नाकातून बारीक दुर्बीण घालतात, पाच मिनिटांचं काम, भूलही लागत नाही.

ही नस, रिकरंट लॅरिंजियल, निसर्गाने विचित्र रस्त्याने नेलीय. मेंदूकडून खाली येणाऱ्या मोठ्या नसेतून ती छातीत फुटते, डावीकडची महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन परत वर गळ्यात येते आणि थायरॉइडच्या मागून स्वरयंत्रात शिरते. जिराफातही हाच रस्ता, तिथे तिला काही मीटर फिरून यावं लागतं. माणसात वळसा छोटा आहे पण शेवटचा टप्पा थायरॉइडला खेटून. नस कापली जाणं हे अनुभवी माणसाकडून दुर्मीळ, जास्त वेळा ती ताणली जाते किंवा जवळच्या उपकरणाची उष्णता लागते. मोठी गाठ बाहेर काढताना ओढावं लागतं, त्यात ती ताणली जाते. दिसायला अखंड पण कामाला बंद. तात्पुरता अशक्तपणा शंभरात पाचेक जणांना, कायमचा एखाद-दोघांना. परत येणारी बहुतेक सहा महिन्यांत येते, कधी वर्षही लागतं.

ठसक्यासाठी आत्तापुरतं, पाणी पिताना हनुवटी छातीकडे झुकवा, छोटे घोट, घोट तोंडात असताना बोलणं नाही. ताप आला, कफ वाढला तर छाती तपासून घ्या. तंतू खरंच मागे राहिला असेल तर लवकर व्हॉइस थेरपी सुरू करायची, आणि शिकवणं अगदीच जमत नसेल तर तंतूत फिलरचं इंजेक्शन देऊन तो मध्ये आणता येतो, काही महिन्यांत विरघळतं, तोवर नसेला वेळ मिळतो. वर्षभराने हालचाल नाहीच आली तर कायमच्या शस्त्रक्रियेचा विचार, त्याच्या आधी नाही. नोकरी बदलायचं आत्ता डोक्यातून काढा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे. निसर्गमित्रांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे हो, पूर्ण थायरॉइड काढणं ही मोठी गोष्ट आहे आणि आमच्या धंद्याला ते फार आधी कळलंय. थिओडोर कोखर नावाचा स्वित्झर्लंडमधला सर्जन, गलगंडाच्या शस्त्रक्रियेत त्याने मृत्यूचं प्रमाण खूप खाली आणलं, १९०९ चं नोबेल मिळालं त्याला. तो पूर्ण थायरॉइड काढत होता, जखमा छान भरत होत्या. मग त्याने जुन्या पेशंटना परत बोलावून तपासलं आणि १८८३ मध्ये स्वतःच लिहिलं की पूर्ण काढलेले लोक सुजट, सुस्त, मंद झालेत. तेव्हा थायरॉक्सिन नव्हतं. मेंढीच्या थायरॉइडचा अर्क इंजेक्शनने द्यायचा पहिला यशस्वी प्रयोग १८९१ चा. म्हणून पुढची कित्येक दशकं साध्या गाठीत थोडा तुकडा ठेवायची पद्धत होती.

पण त्या तुकड्यात वर्षांनी परत गाठी होतात. आणि परत ऑपरेशन म्हणजे पहिल्याच्या व्रणात नस आणि पॅराथायरॉइड शोधायच्या, धोका पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून दोन्हीकडे गाठी असतील तर आज बरेच जण एकदाच पूर्ण काढतात, कारण थायरॉक्सिनची गोळी आता उत्तम आहे. एकाच बाजूला गाठ असेल तर मात्र अर्धंच काढावं, दुसऱ्या बाजूच्या पॅराथायरॉइडना कोणी हात लावत नाही, कायमचं कॅल्शियम कमी होण्याची भीती जवळजवळ नाही, आणि पाचातल्या साधारण चौघांना थायरॉक्सिनही लागत नाही. मंद्रसप्तक त्यातल्या. सुईने गाठ जाळायची रेडिओफ्रीक्वेन्सी पद्धतही आहे, निवडक साध्या गाठींना चांगली, पण दोन्हीकडे पसरलेलं मोठं गॉयटर श्वासनलिका सरकवतंय तिथे ऑपरेशनच जास्त खात्रीचं. तुमच्या सर्जनचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. त्यांनी तो समजावून सांगायला हवा होता, आणि ऑपरेशनच्या आधी तुम्ही शिक्षिका आहात हे विचारायला हवं होतं, ते वेगळं.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी सर्जनला सरळ विचारा, वर्षाला किती थायरॉइड करता, तुमच्या पेशंटमध्ये आवाजाचं आणि कॅल्शियमचं प्रमाण काय. राग आला तर तेच उत्तर समजा. व्हिटॅमिन डी आधीच तपासून भरून घ्या. आवाजावर पोट असेल तर ऑपरेशनआधीही लॅरिंगोस्कोपी करून घ्या.

---

निसर्गमित्र

माझा मुद्दा सरसकट काढू नये एवढाच होता. बाकी माहिती चांगली आहे.

---

रिकामाघडा

धाग्याचा विषय थोडा वेगळा करतो. माझं टोटल झालंय, कॅल्शियम आवाज सगळं ठीक, पण थकवा जात नाही आणि वजन वाढतंय. टीएसएच २१. डोस वाढवून दोन आठवडे झाले, परत तपासू का?

---

टाकेवाला

दोन आठवड्यांत तपासून उपयोग नाही. थायरॉक्सिन रक्तात अर्धं व्हायलाच आठवडाभर लागतो, टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे. पूर्ण काढलेल्याला साधारण वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतं, त्याच्या आसपास आहात का डॉक्टरांना विचारा. आणि तुमची गाठ साधी होती ना? मग टीएसएच नॉर्मलमध्ये आणायचं, शून्याजवळ दाबायचं नाही, ते काही कॅन्सरवाल्यांसाठी. साध्या आजारात दाबून ठेवलं तर उगाच हृदयाची लय आणि हाडं बिघडतात.

---

खडूफळा

अपडेट देते. एंडोक्रिनोलॉजिस्टकडे जाऊन आले, तपासण्यांची यादी इथूनच लिहून नेली होती, बाईंनी वाचली आणि हसून म्हणाल्या कोणी लिहून दिली. पीटीएच १२, म्हणजे त्यांच्या लॅबच्या रेंजच्या खाली पण आहे. मॅग्नेशियम कमी निघालं, व्हिटॅमिन डी तर फारच कमी. अ‍ॅसिडिटीची गोळी बंद, मला अ‍ॅसिडिटी कधी नव्हतीच, हॉस्पिटलच्या कार्डावर छापून येते म्हणे. कॅल्सिट्रिऑल सुरू, मॅग्नेशियम सुरू, कॅल्शियम दुपारी आणि रात्री जेवणाबरोबर, सकाळ फक्त थायरॉक्सिनची. कालचं कॅल्शियम ८.४. मुंग्या खूप कमी, गोळे बंद. कातरवेळ, तुमचं कॅल्सिट्रिऑल बरोबर निघालं.

लॅरिंगोस्कोपीत उजवा स्वरतंतू मागे राहतोय, अगदी थोडी हालचाल आहे. मी पडद्यावर स्वतः पाहिला, डावा येतो, उजवा तिथेच थरथरतो. रडू आलं, मग जरा बरंही वाटलं की निदान काय आहे ते दिसलं. व्हॉइस थेरपी सुरू झालीय. शाळेत मुख्याध्यापकांनी माइक मंजूर केला, मुलांना तो फार आवडलाय, मला अजून नाही.

आता एकच प्रश्न. कॅल्शियम ८.४ आलं, बरं वाटतंय, तर गोळ्या कमी कधी करायच्या? बाईंनी पुढची तारीख दिलीय पण मला घाई झालीय.

---

कातरवेळ

घाई करू नका हो. बरं वाटलं म्हणून एका वीकेंडला गोळ्या सोडलेली एक बाई माझ्या वॉर्डातच होती, सोमवारी परत सलाईनवर.

---

टाकेवाला

छान बातमी. १२ म्हणजे ग्रंथी काम करताहेत, आणि तंतूची थोडी हालचाल असणं हेही चांगलं.

स्वतःहून काही कमी करायचं नाही. डॉक्टर एकेक गोळी एकेका पायरीने कमी करतात आणि प्रत्येक पायरीनंतर कॅल्शियम बघतात. मध्ये मुंग्या आल्या तर पायरी परत वर. अधूनमधून पीटीएच. आणखी एक, पीटीएच कमी असताना रक्तातलं कॅल्शियम नॉर्मलच्या खालच्या बाजूलाच ठेवतात, वर न्यायचा हट्ट नको, कारण पीटीएच नसताना जादा कॅल्शियम लघवीतून जातं आणि मूत्रपिंडात खडे होऊ शकतात. त्यामुळे ८.४ ला "अजून कमी आहे" म्हणून मनाने जास्तीची गोळी घेऊ नका. उलट मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी असं झालं तर कॅल्शियम जास्त झालंय का ते बघायचं, कॅल्सिट्रिऑलवर हे होतं.

ज्यांचं खरंच कायमचं राहतं त्यांच्यासाठीही आता नुसत्या कॅल्शियमच्या पुढे गोष्टी गेल्यात, पीटीएचसारखं काम करणाऱ्या पॅलोपेगटेरिपॅराटाइड या रोजच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तुम्हाला त्याची गरज पडेल असं मला आत्ता तरी दिसत नाही.

लॅरिंगोस्कोपी तीन महिन्यांनी परत करा, आणि आत्ताचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर मागून घ्या. तुलना करायला तोच लागतो, नुसत्या रिपोर्टच्या दोन ओळींवरून काही कळत नाही.

---

खडूफळा

पेनड्राइव्ह उद्याच घेऊन जाते. सगळ्यांचे आभार, निसर्गमित्र तुमचेही. तीन महिन्यांनी इथेच लिहीन.